सळीवरचं काळं म्हणजे चांदीतला मळ नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे बारीक कण असलेलं, औषध म्हणून प्यायचं पाणी, बनवायची कृती छापून आली होती, त्याबद्दल लिहायचं आहे. खरं सांगायचं तर ती मी वाचलीच नव्हती, माझ्या दिरांनी वाचली, कात्रण कापून ठेवलं आणि आठ दिवसांत सगळं जमवलं, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकाला एक जोडून, दोन चांदीच्या सळ्या, दोन क्लिपा, काचेचा ग्लास आणि डिस्टिल्ड वॉटर. आणि मग दोन आठवड्यांनी त्या सळ्या कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले, म्हणाले, वहिनी, तुम्ही एवढी वर्षं लॅबमध्ये काढलीत, हे काळं कशानं जातं तेवढं सांगा, मी पुसून पुसून दमलो.

मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होते, प्रोफेसर वगैरे नाही, पण सिल्व्हर नायट्रेटच्या बाटल्या भरण्यात आणि धुण्यात माझी उमर गेली, त्यामुळे चांदी काळी कशी होते हे मला हातावर माहितीये, अक्षरशः हातावर, ते पुढे सांगते.

आधी आपल्या कृतीतलं एक वाक्य. तिच्यात असं होतं की काही वेळाने सळीवर काळा थर येतो, तो चांदीतला मळ बाहेर पडलेला असतो, तो कापडाने पुसावा आणि परत सुरू करावं. भावोजींनी हे इतकं मनावर घेतलं की जेवढं जास्त काळं तेवढी चांदी जास्त शुद्ध झाली असं त्यांना वाटायला लागलं होतं. तर संपादक साहेब, हे साफ चूक आहे. ते काळं म्हणजे बहुतेक सगळी चांदीच आहे, जी पाण्यात जायची होती पण गेली नाही किंवा गेली आणि परत आली. आणि मुख्य म्हणजे दोन सळ्यांवरचं काळं एकसारखं नसतं, ते एका फडक्याने पुसलं की सगळं एकच वाटतं म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

बॅटरीच्या प्लसला जोडलेली सळी झिजते. तिच्यातली चांदी इलेक्ट्रॉन मागे सोडून आयन, म्हणजे विजेचा भार असलेला अणू, होऊन पाण्यात उतरते. मायनसच्या सळीवर पाणी फुटतं, बारीक बुडबुडे दिसतात ते हायड्रोजनचे, आणि पाण्यात हायड्रॉक्साइड उरतं. आता हे दोघं, चांदीचे आयन आणि हायड्रॉक्साइड, एकमेकांना भेटले की सिल्व्हर ऑक्साइड होतं आणि त्याचा रंग तपकिरी काळा. प्लसच्या सळीजवळ चांदीची गर्दी फार झाली, म्हणजे करंट जास्त ठेवला, तर हे ऑक्साइड तिथेच सळीला चिकटतं, काजळीसारखं, बोटाला लागतं, आणि थर जाड झाला की करंटला आडवं येतं. इकडे मायनसच्या सळीवर वेगळाच प्रकार, जे आयन पोहत पोहत तिथपर्यंत पोचतात ते परत इलेक्ट्रॉन घेतात आणि परत धातू होतात, पण ही चांदी गुळगुळीत बसत नाही, शेवाळासारखी केसाळ वाढते, राखाडी काळी, मऊ, हललं की तुटून पडते. कधी कधी हे केस एवढे वाढतात की समोरच्या सळीपर्यंत पोचतात आणि दोघींच्या मध्ये पूल होऊन शॉर्ट होतो.

भावोजींचा पहिला प्रश्न हाच होता की चांदी आहे तर काळी कशी. चांदी इतकी बारीक आणि भुसभुशीत झाली की तिच्यावर पडलेला उजेड परत फिरतच नाही, आत अडकतो, म्हणून काळी दिसते. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोतलं काळं जे असतं ना, केस, कोट, सावली, ते सगळं काळं म्हणजे चांदीच आहे, बारीक कण झालेली. हे सांगितलं तर त्यांना खोटं वाटलं, म्हणून मी मायनसच्या सळीवरचं ते शेवाळ वाळवलं आणि चमच्याच्या पाठीने कागदावर जोरात घासलं, तर पांढरी चकचकीत रेघ उमटली. प्लसच्या सळीवरच्या काजळीला घासलं तर काहीच नाही, काळं ते काळंच. हा खेळ कुणीही करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि मळाची गोष्ट तिथल्या तिथे संपते.

दागिने कपाटात पडून काळे होतात ते आणखी तिसरंच. ते सिल्व्हर सल्फाइड, हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे होतं. ॲल्युमिनियमची फॉइल आणि सोडा घालून गरम पाण्यात चांदी साफ करायची युक्ती सगळीकडे फिरते ती त्या सल्फाइडसाठी आहे. आपल्या सळ्यांवरच्या थराचा तिच्याशी संबंध नाही, उलट सोडा सळीला चिकटून राहिला तर पुढच्या ग्लासात तोही जातो.

आता मुद्दा असा की हे काळं का मोजायला हवं. कारण सगळी भानगड हिशेबाची आहे. किती चांदी सळीतून सुटली हे विजेवरून अगदी नेमकं काढता येतं, हा फॅरेडेचा नियम, एक मिलिॲम्पिअर करंट एक तास चालला की साधारण 4 मिलिग्रॅम चांदी सुटते. पाव लिटर पाण्यात तेवढी सगळीच्या सगळी राहिली तर ते झालं 16 पीपीएम, म्हणजे लिटरला 16 मिलिग्रॅम. हा हिशेब इतका भरवशाचा आहे की एके काळी जगाने ॲम्पिअर कशाला म्हणायचं हे चांदीवरूनच ठरवलं होतं, 1908 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत लिहिलं होतं की सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला 0.001118 ग्रॅम चांदी जो करंट बसवतो तो एक ॲम्पिअर, आणि हे 1948 पर्यंत चाललं. मला यातली जी गोष्ट आवडते ती अशी की त्या काळी हे मोजणारे लोक चांदीचा अॅनोड, म्हणजे प्लसची सळी, फिल्टर पेपरमध्ये गुंडाळून ठेवायचे, का, तर त्याच्यावरून जे कण आणि भुगा सुटतो तो खाली प्लॅटिनमच्या वाटीत पडला तर वजन चुकेल म्हणून. म्हणजे ज्या काजळीला आपण मळ म्हणून फडक्याला पुसतो, तिने हिशेब बिघडू नये म्हणून मोठमोठ्या लोकांनी कागद गुंडाळले होते. आणि आपल्या कृतीत काय लिहिलंय, पुसा आणि परत लावा.

मग भावोजींच्या ग्लासात किती चांदी होती? कुणालाच माहीत नाही, हेच मला सांगायचंय. सळीतून किती सुटली ते कळायला करंट माहीत हवा, आणि तो त्यांनी मोजलाच नव्हता. कृतीत होतं की दोन तास ठेवा. पण डिस्टिल्ड पाणी सुरुवातीला वीज जवळजवळ जाऊच देत नाही, मल्टीमीटर लावला तर काटा हलायला तयार नसतो, माणसाला वाटतं बॅटरी गेली की काय, मग थोडी चांदी उतरते तसा करंट वाढतो, करंट वाढला की अजून चांदी उतरते, की अजून करंट, असं करत शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत पहिल्या तासाभरापेक्षा जास्त काम होऊन जातं. नेमकं त्याच वेळी काळं धरतं, शेवाळ वाढतं, पाणी पिवळट मग राखाडी होतं. त्यामुळे दोन तास ह्या आकड्याला काही अर्थच नाही. पाणी जरा कोमट असलं, सळ्या जरा जवळ असल्या, जास्त खोल बुडवल्या, ग्लास आधी नळाच्या पाण्याने धुतलेला असला, की तेच दोन तास वेगळे होतात. ज्यांना खरंच नीट करायचं असतं ते करंट बांधून ठेवतात, रेझिस्टर किंवा करंट रेग्युलेटर लावून, की मिलिॲम्पिअरच्या वर जाऊच नये, आणि मग वेळ गुणिले करंट असा हिशेब तरी लागतो.

बरं, सुटली किती ते कळलं तरी त्यातली सळीवर परत बसली किती, काजळी होऊन चिकटली किती, तळाला साका होऊन बसली किती, आणि पाण्यात राहिली किती? मी जुन्या ओळखीवर लॅबमध्ये जाऊन सळ्या आधी आणि नंतर तराजूवर ठेवल्या, तिथला तराजू दहा हजारांश ग्रॅमपर्यंत दाखवतो. प्लसची सळी पुसल्यावर हलकी झालेली, मायनसची शेवाळासकट जड झालेली, आणि फडक्यावर जे पुसलं गेलं ते कुठल्याच खात्यात नाही. भावोजी म्हणाले, मग मी एवढे दिवस काय प्यायलो? मी म्हटलं, तेच तर विचारतेय.

भावोजी टीडीएस मीटर वापरत होते, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते बघायचं. पाण्यात बुडवायचं, आकडा बघायचा, 10 आला की 10 पीपीएम. हा गैरसमज तर घराघरात आहे. टीडीएस मीटर चांदी मोजत नाही हो, ते पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच मोजतं आणि मिठाच्या अंदाजाने एक आकडा गुणून दाखवतं. पाण्यात हायड्रॉक्साइड असलं तरी आकडा वाढतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी वाढतो. आणि चांदीचे जे खरे कण असतात, ज्यांच्यामुळे त्याला कोलॉइड म्हणायचं, ते त्या मीटरला दिसतच नाहीत. म्हणजे तळाला मूठभर काळा गाळ बसला असला तरी मीटर निवांत 10 दाखवणार.

कोलॉइडचं पण तसंच. घरी बॅटरीवर जे बनतं त्यात बहुतेक विरघळलेली आयनिक चांदी असते, कण थोडे. ओळखायची सोपी खूण म्हणजे अंधारात लेझरचा किंवा बारीक टॉर्चचा झोत पाण्यातून सोडायचा, कण असतील तर झोताची रेघ पाण्यात दिसते, खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ दिसते तशी. ह्याला टिंडाल इफेक्ट म्हणतात. नुसते आयन असतील तर रेघ दिसत नाही. पिवळसर रंग आला तर बारीक कण झाले असं समजायचं. पूर्वीच्या लोकांनी खरी कोलॉइड बनवली ती वेगळ्या रीतीने, ब्रेडिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1898 मध्ये पाण्याच्या आत दोन तारांमध्ये ठिणगी पाडून धातूचा धूर पाण्यात उतरवला होता. तीन बॅटऱ्यांवर ठिणगीबिणगी काही पडत नाही.

आणि एक मर्यादा आहे जी कुणी सांगत नाही. सिल्व्हर ऑक्साइड पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला 10 ते 20 मिलिग्रॅमच्या घरात. म्हणजे साध्या डिस्टिल्ड पाण्यात आयन त्या आकड्याच्या आसपास पोचले की पुढची चांदी काळी होऊन बाहेरच पडणार, सळीवर नाहीतर तळाला. त्यामुळे बाकी काहीही न घालता घरी 50 किंवा 100 पीपीएमचं स्वच्छ पाणी बनवलं असं कुणी सांगितलं तर त्यातलं बरंच तळाशी असणार नाहीतर बोलण्यात. काळा थर भराभर यायला लागला की समजायचं पाण्याचं पोट भरलं.

काहीजण मीठ घालतात, करंट लवकर सुरू होतो म्हणून, आपल्या कृतीतही "हवं तर चिमूटभर" असं होतं. ते तर मुळीच करू नका. मिठातलं क्लोराइड आणि चांदी यांचं लगेच सिल्व्हर क्लोराइड होतं, पांढरा धुरकट ढग उठतो, लॅबमध्ये आम्ही पोरांना क्लोराइड ओळखायला हीच टेस्ट शिकवतो, दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढराफेक साका. नळाच्या पाण्यात आणि बऱ्याच वेळा आरओच्या पाण्यातही पुरेसं क्लोराइड असतं. तो ढग उजेडात ठेवला की जांभळट होत काळा पडतो. जड पाणी असेल तर मायनसच्या सळीवर पांढरा कडक पापुद्रा येतो तो मात्र चांदीचा नाही, तो चुन्याचा, बादलीच्या कडेला आणि हीटरच्या कॉइलला बसतो तोच.

यावरून आठवलं, पाण्याचं मशिन विकायला येणारे लोक ग्लासात दोन रॉड घालून वीज सोडतात आणि पाणी मिनिटभरात गढूळ तपकिरी होतं, मग म्हणतात बघा तुमच्या पाण्यात किती घाण आहे. ती घाण पाण्यातली नसते, लोखंडाचा रॉड विरघळून गंज झालेला असतो. लोक घाबरून मशिन घेतात. तिथे रॉडचा धातू पाण्याच्या नावावर खपवतात आणि इथे चांदीला मळ म्हणून फेकतात, दोन्हीकडे ग्लासात बघून कुणी विचारत नाही की हे आलं कुठून.

सळ्यांबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण इथे कधी कधी मळ खराच असतो, फक्त कृतीत म्हटलाय तो नाही. दागिन्यांची 925 ची चांदी म्हणजे साडेसात टक्के दुसरा धातू, बहुतेक तांबं, तो पण चांदीबरोबर पाण्यात उतरतो, हिरवट निळसर डाग दिसतात. जर्मन सिल्व्हर असेल तर विचारूच नका, त्यात नावापुरतीसुद्धा चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त. 999 ची चांदी असली तरी क्लिप पाण्याला लागली की क्लिपचा धातू उतरतो, वायर डाख लावून जोडली असेल आणि तो डाख बुडाला तर त्यातलं कथील, शिसं. भावोजींची एक क्लिप अर्धी पाण्यात होती. तिचं वरचं निकेलचं पाणी उडून गेलं होतं आणि ते गेलं कुठे हे सांगायला मी लॅबवालीच पाहिजे असं नाही.

आता साफ करायचं. ज्यांना शाळा-कॉलेजचा प्रयोग म्हणून किंवा हौस म्हणून हे करायचं आहे त्यांच्यासाठी लिहिते, प्यायचं सोडून. पहिलं म्हणजे काळं येऊच कमी द्यायचं, करंट बांधायचा, जाड सळ्या घ्यायच्या म्हणजे पाण्यातलं क्षेत्रफळ वाढतं आणि एका जागी गर्दी होत नाही, पाणी हलतं ठेवायचं, सळ्या फार जवळ ठेवायच्या नाहीत. प्लस-मायनस थोड्या थोड्या वेळाने उलटे करायचे, ह्याने बराच फरक पडतो कारण उलटं केलं की शेवाळ आलेली सळी आता प्लस होते आणि ते शेवाळ परत विरघळायला लागतं, आणि काजळी आलेली सळी मायनस होते तिच्यावरच्या ऑक्साइडची परत चांदी होते. पण यात सुद्धा थोडं सुटून खाली पडतंच, ते गायब होत नाही, फक्त सळी चकचकीत दिसते म्हणून माणूस खूश. पुसायला मऊ सुती कापड आणि तेच डिस्टिल्ड पाणी, बस. चिवट ऑक्साइड असेल तर पांढरं व्हिनेगर लावून ठेवलं तर सुटतं, मग भरपूर धुवायचं, डिस्टिल्डनेच. टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, पॉलिश, तारेची घासणी यातलं काही नको, ते सगळं सळीच्या चरांमध्ये जाऊन बसतं, आणि खरवडलेल्या सळीवर पुढच्या वेळी काळं अजून लवकर धरतं.

आणि अमोनिया अजिबात नको. हे मी वेगळं सांगते कारण चांदीचा काळा डाग अमोनियाने जातो असं कुणीतरी भावोजींना सांगितलं होतं आणि ते बाटली आणायच्या बेतात होते. डाग जातो हे खरं आहे, ऑक्साइड अमोनियात विरघळतं, पण ते द्रावण तसंच ठेवलं किंवा वाळलं तर त्यात एक पदार्थ तयार होतो जो नुसता धक्का लागला तरी फुटतो, स्फोट होतो. बर्थोले नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1788 मध्ये हे बनवलं होतं. आमच्या लॅबमध्ये टॉलेन्सची टेस्ट झाली की, ज्यात टेस्ट ट्यूबला आतून आरसा चढतो ती, उरलेलं द्रावण त्याच तासाला आम्लात ओतून टाकायचा नियम होता, उद्या धुवू असं म्हणायची सोयच नव्हती. एकदा एका मुलाने ट्यूब तशीच स्टँडला ठेवली तर सर जे ओरडले ते मला अजून ऐकू येतं.

हातावरचं म्हणाले होते ते आता. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटावर पडला तर त्या वेळी काहीच दिसत नाही. तासाभराने, उजेडात गेलं की, तिथे तपकिरी डाग येतो आणि मग काळा. साबणाने जात नाही, घासून जात नाही, आठ-पंधरा दिवसांनी वरची कातडी झडते तेव्हा जातो. माझी बोटं वर्षातले सहा महिने अशीच असायची, लग्नकार्यात मी हात पदराखाली धरून बसायचे. पण ते वरच्या कातडीवर म्हणून गेलं. चांदी पोटातून गेली तर ती रक्तातून कातडीच्या आतल्या थरात जाऊन बसते, तो थर झडत नाही, आणि उजेडाने तिथे तेच होतं जे माझ्या बोटावर व्हायचं. चेहरा, हात, नखं निळसर राखाडी होतात. ह्याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग सहसा परत जात नाही. अमेरिकेत स्टॅन जोन्स म्हणून एक राजकारणी होते, मोंटाना राज्यातले, त्यांनी 1999 मध्ये, सन 2000 आल्यावर कॉम्प्युटर बंद पडतील, ॲंटिबायोटिक मिळणार नाहीत ह्या भीतीने घरीच चांदीचं पाणी बनवून प्यायला सुरुवात केली आणि ते निळे राखाडी झाले, 2002 च्या सिनेटच्या निवडणुकीत ते तसेच उभे राहिले होते. त्याच 1999 मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, नियम काढून सांगितलं की कोलॉइडल सिल्व्हर असलेली, चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येणार नाहीत.

मी चांदीच्या विरोधात नाही. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम डॉक्टर लावतात, नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायची पद्धत क्रेडे यांनी 1880 च्या सुमारास सुरू केली आणि कित्येक बाळांची नजर वाचली. पण ते बाहेरून, मोजून. पिण्याची गोष्ट निराळी. पोटात हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे, रक्तात मीठ आहे, चांदीचे आयन आत गेले की क्लोराइडला भेटणारच, म्हणजे मी टेस्ट ट्यूबमध्ये दाखवायचे तोच पांढरा साका. लॅबमध्ये बशीत वाढवलेले जंतू चांदीने मरतात म्हणून पोटात गेल्यावर ती रोग बरा करील हे त्यावरून ठरत नाही, शिवाय काही ॲंटिबायोटिक आणि थायरॉइडच्या गोळ्या चांदीमुळे अंगी नीट लागत नाहीत. भावोजींना थायरॉइडची गोळी चालू आहे. हे त्यांच्या डॉक्टरांना माहीतच नव्हतं, कारण पाणी पितो हे कोण डॉक्टरला सांगतं.

आकडेच हवे असतील तर हे घ्या. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे पर्यावरण खात्याने, रोज आयुष्यभर पोटात गेली तरी चालेल अशी चांदीची मर्यादा शरीराच्या किलोमागे 5 मायक्रोग्रॅम धरली आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 0.3 मिलिग्रॅम. खरोखरच 10 पीपीएम असलेलं पाव लिटर पाणी प्यायलं तर अडीच मिलिग्रॅम जातात, आठपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाण्याच्या मार्गदर्शिकेत आयुष्यभराची बेरीज साधारण 10 ग्रॅम धरली आहे, ज्याच्या आत सहसा त्रास दिसत नाही. रोज अडीच मिलिग्रॅमने तिथे पोचायला अकरा वर्षं लागतात. पण ग्लास हलवून काळ्या गाळासकट प्यायलं आणि खरा आकडा 10 नसून 40 असला तर तीन वर्षंसुद्धा लागत नाहीत. आणि भावोजी हलवूनच पीत होते, कारण कृतीत लिहिलं होतं, "तळाशी बसलेले कण गुणकारी असतात, वाया घालवू नयेत." म्हणजे बघा, सळीवर असताना ते मळ आणि तळाला गेल्यावर ते औषध. चांदी तीच.

तेव्हा विनंती अशी की ती मळाची आणि गाळाची दोन वाक्यं चुकीची होती एवढं तरी आपण छापावं, आणि "रोज एक ग्लास" असं जे लिहिलं होतं ते कुणी, कशाच्या आधारावर लिहिलं ते त्या लेखकांना विचारावं. कृती छापायचीच असेल तर करंट किती, वेळ किती, पाणी किती आणि हे प्यायचं नाही, एवढं तरी तिच्यात असू द्या.

भावोजींच्या सळ्या मी व्हिनेगरने साफ करून दिल्या, चकचकीत झाल्यात. उरलेलं काळं पाणी मोरीत ओतू दिलं नाही कारण ही चांदी पाण्यातल्या जिवांना वाईट, त्यात मीठ टाकून चांदी खाली बसवली, गाळली आणि तो कागद लॅबच्या चांदीच्या कचऱ्याच्या बाटलीत टाकला. पिणं त्यांनी थांबवलंय असं ते म्हणतात. पण सळ्या परत मागून नेल्या आहेत, आणि मी एवढं सगळं सांगितल्यावर मला म्हणाले, वहिनी, तुमचं बरोबर असेल, पण पेपरात छापून आलंय. म्हणून हे पत्र. तुम्ही छापलंत की कात्रण कापून त्यांच्या जुन्या कात्रणाला टाचणी लावून ठेवणार आहे.

आपली,
एक निवृत्त लॅब असिस्टंट